एका माणसापुरते

आमच्या स्वयंपाकघरात एका माणसापुरते असे मापच नव्हते. सासूबाईंच्या वेळची पितळी मापे अजून वरच्या फळीवर आहेत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, अशी ती उतरंड. तिच्यातले सर्वांत धाकटे जे चिपटे, ते शिगोशीग भरून तांदूळ घेतले तरी दोन माणसे पोटभर जेवतात. ही मापे ज्यांनी ठरविली त्यांनी एकटा जेवणारा माणूस विचारात घेतलेलाच नसावा. अवेळी येणारा पाहुणा त्यांनी धरला होता, गाय धरली होती, दारात उभा राहणारा याचक धरला होता. एकटा माणूस मात्र हिशेबाबाहेर राहिला. घरात मुद्दाम अल्प प्रमाणात काही शिजत असेल तर तो देवाचा नैवेद्य, आणि तोही देवापुढून उचलला की घरभर वाटायचा असतो. राहता राहिल्या घरोघरच्या एकट्या बायका. ‘माझ्या एकटीसाठी काय करायचं’ हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकले आहे, की त्यापुढे प्रश्नचिन्ह द्यावे असेही आता वाटत नाही. सकाळचा भात रात्री फोडणीला टाकून त्या तो विषय मिटवितात.

मी एकतीस वर्षे मुलींच्या शाळेत गणित शिकविले. मापे दिसली की त्यांचे गुणाकार-भागाकार आपोआप मनात सुरू होतात. ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. तरीही एका माणसापुरते म्हणजे नेमके किती, हा प्रश्न २०२४ च्या जानेवारीपर्यंत मला पडला नव्हता. तो पडला एका केकच्या निमित्ताने; आणि ज्यांच्यासाठी तो केक करायचा होता, त्या माझ्या वन्संच्या निमित्ताने.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भगिनी. जन्म १९३८ चा, जबलपूरचाच. वडील अकाली गेले, मागे तीन भावंडे, त्यामुळे लग्नाचा विषय जो मागे पडला तो कायमचा. विसाव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि १९९६ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी तेथूनच निवृत्त झाल्या. मी १९७४ मध्ये या घरात आले तेव्हा घराच्या चाव्या सासूबाईंच्या कमरेला होत्या. पण घर चालत असे ते वन्संच्या पगारावर आणि त्यांच्या शिस्तीवर. सोवळे-ओवळे त्यांनी सासूबाईंपेक्षाही कडक पाळले. अंडे या वास्तूत शिरत नसे. माझा मुलगा लहानपणी आजारातून उठला तेव्हा डॉक्टरांनी त्याला अंडे द्यायला सांगितले, तर तेही शेजारच्या घरी नेऊन खाऊ घालावे लागले. आठ वर्षांपूर्वी यजमान गेले, मुलगा पुण्यात स्थिरावला, आणि राइट टाउनमधल्या या जुन्या घरात आम्ही दोघी उरलो.

जबलपूरचे आम्ही मराठी लोक म्हणजे एक निराळेच प्रकरण आहे. नर्मदेकाठचा हा मुलूख १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. राज्य गेले तरी कारकून, पुजारी, वैद्य मागे राहिलेच. पुढे कचेऱ्या, शाळा आणि तोफगाड्यांचा कारखाना यांनी आणखी आणले. आमची मराठी ऐकून पुण्याची माणसे हसू दाबतात. आम्ही ‘हो’ म्हणण्याऐवजी ‘हाव’ म्हणतो आणि पोहे खाताना जिलबी मागतो. पण ही वस्ती एकटी कधीच नव्हती. मुंबईकडून येणारी जी. आय. पी. आणि अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन अशा दोन रेल्वे १८७० मध्ये जबलपुरात येऊन मिळाल्या आणि मुंबई-कलकत्ता मार्ग सलग झाला. त्या रुळांबरोबर अँग्लो-इंडियन कुटुंबे आली. इंजिनावर, गार्डाच्या डब्यात, तारघरात, टेलिफोनच्या बोर्डावर हीच माणसे. या समाजाचे पुढारी फ्रँक अँथनी हे १९०८ मध्ये याच गावी जन्मले. रेल्वे, कस्टम आणि डाक-तार या खात्यांतील त्यांच्या नोकऱ्यांना राज्यघटनेच्या ३३६ व्या कलमाने दहा वर्षे संरक्षण दिले होते. दर दोन वर्षांनी ते कमी होत होत १९६० मध्ये संपले. त्यानंतर कोणी इंग्लंडला गेले, कोणी कॅनडाला, कोणी ऑस्ट्रेलियाला. ज्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत नाताळात कागदी तारे लागत, ते बंगले हळूहळू दुसऱ्या नावांचे झाले.

वन्सं नोकरीला लागल्या ती नेमकी या ओहोटीच्या आधीची दोन वर्षे. बोर्डावर ओळीने बसलेल्या मुलींत बहुसंख्य अँग्लो-इंडियन होत्या. वन्संची जागा आठ नंबरची. सात नंबरच्या जागेवर जी बसे तिला वन्सं आजही ‘सात नंबर’च म्हणतात, नाव घेतलेले मी कधी ऐकले नाही. कानाला हेडफोन, हातात दोऱ्या आणि समोर लुकलुकणारे दिवे. लांबच्या गावाचा ट्रंक कॉल लागायला तासन् तास लागत, आणि त्या तासांत शेजारच्या खुर्चीशी जी ओळख होते ती पुढे कोणाशीच होत नाही, असे त्यांचे मत. तारा जोडणाऱ्या माणसाचे मत म्हणून मी ते मानते.

दिवाळीनंतर वन्संचे जेवण कमी होत गेले. आधी पोळी सुटली, मग भात दोन घासांवर आला, मग भाजीच्या वासानेच त्या मान फिरवू लागल्या. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून सांगितले, ‘‘आता पथ्य राहू द्या. जे मागतील ते द्या.’’ या वाक्याचा अर्थ कोणत्याही घरात समजावून सांगावा लागत नाही. मी रोज विचारी, ‘‘वन्सं, काय करू?’’ त्या म्हणत, ‘‘काही नको.’’ ज्याला जे हवे ते द्यायला आपण तयार असावे आणि त्याला काहीच नको असावे, ही स्थिती चमत्कारिक असते. घरात फळे सुकत होती, बदाम भिजून फुगत होते, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

आठ दिवसांनी एका संध्याकाळी त्या आपण होऊन म्हणाल्या, ‘‘केक मिळेल का गं थोडासा?’’

मला वाटले, ऐकण्यात काही चूक झाली. पण त्या पुढे म्हणाल्या, ‘‘वरून पांढरा असतो, तो.’’

मी लगेच रिक्षा करून सदर बाजारात गेले. अर्ध्या किलोच्या आत केक मिळत नाही असे दुकानदाराने सौजन्याने सांगितले आणि पेस्ट्रीचा एक त्रिकोण डब्यात घालून दिला. वन्संनी चमच्याच्या टोकावर घेतला आणि बशी दूर सारली. ‘‘हे टाळूला चिकटतं. लोण्याचं असतं ते.’’ त्यांचे बरोबर होते. हल्ली पांढरा फेस म्हणून जो केकवर असतो तो बहुधा वनस्पती तेलाला घट्ट करून फुगविलेला असतो. तोंडाच्या उष्णतेला तो लोण्यासारखा विरघळत नाही, मागे थर ठेवून जातो. पण ही पारख त्यांच्या जिभेला कोठून आली? पन्नास वर्षे एका घरात राहून, ज्या बाईने केकला बोट लावलेले मी पाहिले नव्हते, ती बाई मला लोण्याच्या आयसिंगचे गुण सांगत होती.

त्या रात्री त्यांनी सांगितले. आवाज खाली होता, पण सांगणे ऑपरेटरसारखे. जेवढा निरोप तेवढेच शब्द. १९५९ च्या डिसेंबरात एक्स्चेंजमध्ये नाताळचा केक फिरला. वन्संनी अंडे असते म्हणून नाही म्हटले. सात नंबर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पर्समधून सिगारेटचा पन्नासचा गोल पत्र्याचा डबा काढला. त्यात भाजलेला एक चिमुकला केक होता, वर पांढरे आयसिंग. ‘‘यात अंडं नाही. तुझ्या एकटीसाठी केलाय,’’ असे ती इंग्रजीत म्हणाली. वन्संनी तो जिन्यात उभे राहून खाल्ला. मग दर वर्षी एक. १९६९ च्या उन्हाळ्यात सात नंबर आई-वडिलांबरोबर पर्थला निघून गेली. म्हणजे एकूण दहा केक.

‘‘पण त्यात अंडं होतं,’’ वन्सं म्हणाल्या.

‘‘कशावरून?’’

‘‘अंड्याशिवाय केक होतच नाही असं सगळ्याच म्हणायच्या. शिवाय त्याला एक चव होती मागून येणारी. आपल्या कशातच नसते तशी. ते अंडंच.’’

‘‘मग तुम्ही तिला विचारलं नाही?’’

‘‘काय विचारायचं? एक तर ती खोटी ठरली असती, नाही तर मी.’’

आणि आता मला उलगडा झाला तो त्यांच्या उपासाचा. डिसेंबरच्या सव्वीस तारखेला वन्सं काही खात नाहीत हे मी या घरात आल्यापासून पाहत होते. तिथी नव्हे, तारीख. हेच विलक्षण होते. सासूबाईंना वाटे, धाकट्या भावाच्या नोकरीसाठी मुलीने नवस बोलला असावा. आम्ही कोणी विचारले नाही, कारण वन्संना विचारायची रीत नव्हती. केक दहा वर्षांत संपले, उपास मात्र पुढेही चालू राहिले. ‘‘का?’’ म्हणून मी आता विचारले, तर म्हणाल्या, ‘‘थांबवायचे कधी ते कुणी सांगितलं नाही.’’ मी मनात मोजले. १९५९ पासून २०२३ पर्यंत पासष्ट.

त्यांना हवे होते ते इतकेच. दोन केक करायचे, लहान, एका माणसाचे. एकात अंडे घालायचे, एकात नाही. कोणता कोणता हे त्यांना सांगायचे नाही. त्या चव घेऊन ठरविणार होत्या.

‘‘आणि अंड्याचा पोटात जाईल त्याचं काय, वन्सं?’’

‘‘पासष्ट उपास केलेत. त्यात एक घास मावेल.’’

राहिला प्रश्न जागेचा. अंडे कोठे फोडायचे? देव्हारा स्वयंपाकघरात आहे. वन्सं थोडा वेळ विचारात पडल्या आणि त्यांनी निवाडा दिला: ओट्यावर नको, जेवणाच्या टेबलावर चालेल, कारण टेबल ही मुळात साहेबाची वस्तू. उच्च न्यायालय ज्या गावात १९५६ पासून आहे त्या गावी राहणाऱ्यांना पोटकलमे सुचायला वेळ लागत नाही.

सिगारेटचे ते गोल डबे आता मिळणे नाही. मी चार इंच व्यासाचे दोन सारखे स्टीलचे डबे निवडले. येथपासून पुढचे काम खरे म्हणजे नववीच्या मुलींना फळ्यावर करून दाखवावे असे आहे. नेहमीचा केक आठ इंचांचा. चार इंच म्हणजे त्याच्या निम्मे, म्हणून साहित्य निम्मे घ्यावे असे कोणालाही वाटेल. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, तेव्हा उंची तीच ठेवली तर साहित्य निम्मे नव्हे, चौथाई लागते. आठ इंची केकला चार अंडी, म्हणून चार इंचीला एक. आणि एकाच्या खाली जाता येत नाही. मैदा चिमटीने कमी करता येतो, साखर दाण्यादाण्याने. अंडे मात्र पूर्णांकात असते. फेटून अर्धे मोजता येते हे खरे, पण ते करताना हात कचरतो. पाउंड केक हे नावच मुळी मैदा, साखर, लोणी आणि अंडी एकेक पाउंड घ्यावी या रीतीवरून पडले. टरफलाविना अंड्याचे वजन साधारण पन्नास ग्रॅम भरते; मग पन्नास ग्रॅम मैदा, पन्नास साखर, पन्नास लोणी. एका माणसाचे माप मला अखेर मिळाले ते असे, कोंबडीकडून.

बिनअंड्याच्या केकचे गणित वेगळे. अंडे केकमध्ये दोन कामे करते: फेटल्यावर हवा धरून ठेवते, आणि तापल्यावर घट्ट होऊन त्या हवेभोवती भिंती उभ्या करते. ते नसेल तर हवा दुसरीकडून आणावी लागते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात अंडी रेशनवर होती, तेव्हा तिथल्या बायकांनी व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा यांवर केक फुगविले. ती कृती पत्रांतून, मासिकांतून, गोऱ्या शिपायांच्या बायकांकडून जबलपूरच्या रेल्वे क्वार्टरांत पोहोचली असणे अगदी शक्य आहे. साठ ग्रॅम मैदा, चाळीस साखर, पंचवीस लोणी, पाव वाटी दूध, दोन लहान चमचे व्हिनेगर, आणि सोडा चमच्याचा आठवा भाग. आम्ल आणि सोडा भेटताच वायू सुटू लागतो, म्हणून ढवळून बोलत बसता येत नाही. मिश्रण लगेच विस्तवावर जावे लागते. सोडा वरचढ झाला तर साबणाची चव येते, व्हिनेगर वरचढ झाले तर आंबटपणा मागे उरतो. साबणापेक्षा आंबट बरे, म्हणून मी व्हिनेगर सढळ हाताने घातले. कोणतीही शहाणी बाई तेच करील.

लोणी घरचे घेतले. आमच्याकडे म्हशीचे दूध येते. म्हशीचे लोणी पांढरेशुभ्र असते, कारण चाऱ्यातला पिवळा रंग म्हैस दुधात उतरू देत नाही. बाजारचे लोणी पिवळे. सात नंबरचे आयसिंग पांढरे होते याचा अर्थ तिच्याही घरी म्हशीचे लोणी असावे. साय नेहमीप्रमाणे विरजली नाही, गोडीच घुसळली, आणि लोणी गार पाण्यात चार वेळा धुतले. लोण्याचा आंबूसपणा मध्ये आला असता तर परीक्षेला अर्थ उरला नसता. दोन्ही केकांत अंड्याखेरीज होईल तितके सारखे असावे, हा माझा आग्रह. वन्सं पलंगावरून हे सगळे ऐकत होत्या. ‘‘शाळेत पेपर काढतेस की काय?’’ एवढेच म्हणाल्या.

ओव्हन आमच्याकडे नाही. होती ती वाळू. २२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, जबलपूरला भूकंपाने हादरविले तेव्हा आमच्या मागच्या भिंतीला उभी भेग गेली. त्या दुरुस्तीच्या वेळची नर्मदेची वाळू जिन्याखाली एका पिंपात राहिली होती. तेव्हा ती कोणी मोजून देत नसे. आता नर्मदेच्या वाळूवरून खटले चालतात. इकडची म्हण आहे की नर्मदेचा प्रत्येक कंकर शंकर. त्या शंकरांवर अंडे भाजावे की नाही, हा प्रश्न मी वन्संना विचारलाच नाही. एका दिवसात एक निवाडा पुरे. वाळू चाळून, धुऊन, उन्हात वाळविली आणि जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे पसरली. वाळूचा गुण असा की ती सावकाश तापते आणि तापल्यावर उष्णता धरून ठेवते. ज्योतीचा चटका एका जागी बसत नाही. दहा मिनिटे ती तापू दिली, मग दोन्ही डबे शेजारी शेजारी ठेवले आणि वर जड झाकण. अशा भट्टीत केकचा माथा फिका राहतो, कारण वरून आच नसते. पण ज्याच्यावर आयसिंग चढणार त्याला फिकेपणाचे दुःख नाही.

पंचवीस मिनिटांनी घरभर जो वास पसरला, तो या घराच्या भिंतींना नवा होता. वन्संनी डोळे मिटून घेतले होते. झोपल्या असाव्यात असे वाटले. विणायची सुई खुपसून पाहिली, कोरडी निघाली. अंड्याचा केक किंचित उंच आणि पिवळसर, दुसरा बुटका, थोडा अधिक तांबूस. ही खूण पांढऱ्या लेपाखाली झाकायची होती. येथे आणखी एक हिशेब निघाला. दोन इंच उंचीचा धरला तर आठ इंची केकचा माथा आणि कडा मिळून शंभर चौरस इंच, आणि आत शंभर घन इंच. चार इंची केकचे बाहेरचे अंग अडतीस आणि आतले पंचवीस. म्हणजे लहान केकच्या प्रत्येक घासाला आयसिंग दीडपट येते. लहान वस्तूच्या वाट्याला बाहेरचे जग अधिक येते, ऊनही आणि लोणीही; म्हणूनच ती लवकर वाळते. पिठीसाखर मलमलीतून गाळून लोण्यात फेटली, आणि पौषाच्या थंडीने ती जागच्या जागी बसली. मे महिन्यात जबलपूरला हे शक्य नव्हते. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असताना लोण्याचे आयसिंग केकवर न राहता बशीत राहते.

मराठी घरात वाढदिवसाला आपण दिवा लावतो आणि केकवरचा दिवा विझवितात, यावर पूर्वी बरेच लिहून झाले आहे. आम्ही मेणबत्ती आणलीच नव्हती. दुपारी तीनच्या सुमारास मी दोन बशा पुढे ठेवल्या. उशा लावून वन्संना बसविले. त्यांनी आधी उजवीकडचा चाखला. चावल्या नाहीत, जिभेवर ठेवून दिला, जणू कानाला हेडफोन लावून पलीकडचा आवाज येण्याची वाट पाहत होत्या. ‘‘छान आहे,’’ म्हणाल्या. ‘‘मऊ आहे. पण हा नव्हे.’’ पाण्याचा घोट घेतला आणि डावीकडचा घेतला. बराच वेळ गेला. मग मान हलली.

‘‘हाच. हीच ती चव, मागून येते ती. यात आहे अंडं.’’

मी बशी उलट्या बाजूने पुन्हा पाहिली. डब्याखाली पेन्सिलीने केलेली खूण पाहिली. मला खात्री होती, तरी पाहिली.

‘‘वन्सं, यात अंडं नाही.’’

‘‘असं कसं?’’

‘‘ती चव व्हिनेगरची आहे. थोडं जास्त पडलं की मागे राहते. अंडं त्या दुसऱ्यात होतं, जो तुम्ही नव्हे म्हणालात.’’

आयुष्यात ज्या वस्तूची चव कधी घेतली नाही तिची चव म्हणून त्यांनी साठांहून अधिक वर्षे भलतीच चव जपून ठेवली होती. यात त्यांचे काय चुकले? अपरिचित असे काही जिभेवर आले, आणि अपरिचित असे एकच त्यांना ठाऊक होते. सात नंबरने दर डिसेंबरात, घरच्या मोठ्या केकची गडबड चालू असताना, दुसऱ्या पातेल्यात दुसरी कृती केली होती; अंडी घरात असून ती बाजूला ठेवली होती; चमचा चमचा व्हिनेगर मोजले होते, आणि माझ्यासारखेच जरा अधिक ओतले होते. दहा वेळा. ते सांगून तिने कधी मोठेपणा घेतला नाही. एकदाच म्हणाली होती, यात अंडे नाही, आणि तिला वाटले असणार की तेवढ्याने काम झाले.

वन्सं कितीतरी वेळ बशीकडे पाहत होत्या. मला भीती वाटली की त्या रडतील. त्यांना रडताना मी कधी पाहिले नव्हते आणि अशा वेळी काय करायचे ते मला माहीत नव्हते. पण त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे पासष्टच्या पासष्ट उपास वाया गेले.’’

‘‘वाया कसे? जमा आहेत.’’

‘‘कुणाच्या खात्यावर?’’ असे म्हणून त्यांनी डाव्या बशीतला आणखी एक घास घेतला. मग आणखी एक. दिवाळीनंतर लागोपाठ तीन घास मी त्या दिवशी प्रथम पाहिले. उरलेला केक त्यांनी चार दिवस पुरविला, रोज दुपारी तीनला. दुसरा, अंड्याचा, भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या मुलाने दारातच संपविला आणि असाच पुन्हा केव्हा होणार असे विचारले.

त्यानंतर मी तो बिनअंड्याचा केक दर आठवड्याला करते. माझ्या वहीत त्याचे पान झाले आहे. वन्संच्या सांगण्यावरून साखर पाच ग्रॅम कमी केली. व्हिनेगर कमी करून पाहू का म्हटले, तर नाही म्हणाल्या. जेवणाची गाडी फार पुढे गेली असे नाही. डॉक्टर येतात, नाडी पाहतात, मान हलवितात. केक पाहून त्यांनी भुवया उंचावल्या, पण त्यांनीच दिलेले वाक्य त्यांना परत घेता येईना.

आता काम आहे ते पत्राचे. पर्थहून नाताळचे शेवटचे कार्ड १९९१ मध्ये आले होते. त्यावरचा पत्ता वन्संनी पुसटसाही होऊ दिलेला नाही. सात नंबर हयात असेल तर नव्वदीच्या आसपास असेल, आणि त्याच घरात असेल असे मानायला काही आधार नाही. तरी पत्र लिहायचे ठरले. वन्सं सांगतात, मी लिहिते. इंग्रजी त्यांचे माझ्यापेक्षा चांगले आहे, एक्स्चेंजमधले, कमी शब्दांचे. पहिले वाक्य लगेच झाले: केक अजून आठवतो, आणि आता तो येथे दर आठवड्याला होतो. दुसऱ्या वाक्यापाशी आम्ही थांबलो आहोत. तुझ्यावर मी विश्वास ठेवला नव्हता, हे तिला कळवायचे की नाही? कळविले तर तिने जे केले त्याचे पुरते मोल तिला कळेल. पण दर वर्षी जिन्यात उभी राहून ही मुलगी ते खात होती आणि मनात मला खोटी ठरवीत होती, हेही कळेल. मी म्हटले, उपासाचे गाळून टाकू. वन्सं म्हणाल्या, ‘‘मग तिला लिहायचं काय? केक छान होता एवढंच? ते तर मी तेव्हाही म्हटलं होतं.’’

कागद टेबलावर आहे, त्याच टेबलावर. काल त्यांनी एक वाक्य सांगितले, मी लिहिले, त्यांनी चष्मा लावून वाचले आणि खोडायला सांगितले. आज तीन वाजता केकच्या वेळी पुन्हा बसायचे आहे.